राउटरची जागा

लेकीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू ११ वाजता, आणि साडेदहालाच नेट गेलं! कंपनीत फोन केला, तर 'मॅडम, उद्या माणूस पाठवतो.' उद्या येऊन काय उपयोग?

म्हटलं, आपणच बघू या. राउटरवर 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर बाहेरच्या फायबरमध्ये बिघाड. मग आपण काही करू शकत नाही. तो दिवा नव्हता. बटण बंद केलं, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावलं. हॉलमध्ये नेट आलं. आतल्या खोलीत मात्र नेहमीसारखी एकच काडी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दिसायला बरं नाही म्हणून तो डबा टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटवून कुणी ठेवला? मीच! लोखंड लहरी अडवतं. उचलून उंच फळीवर ठेवला. फोनवर आमच्या वायफायची दोन नावं दिसतात. '५जी' लिहिलेलं वेगवान, पण भिंतीपुढे दमतं, दुसरं, २.४ गिगाहर्ट्‌झचं, हळू पण लांब पोचतं. लेकीला तेच लावून दिलं. मायक्रोवेव्हही बंद ठेवला, त्याच्याही लहरी त्याच पट्ट्यातल्या.

अकराला दोन मिनिटं असताना आतून आवाज आला, "गुड मॉर्निंग, सर!" मी हळूच कुकरखालचा गॅस बंद केला.