विवरणपत्र-मर्यादा, राज्य प्राप्तिकराची

ज्या वार्षिक प्राप्तीपासून व्यक्तीवर राज्य प्राप्तिकराचे विवरणपत्र दाखल करण्याचे बंधन येते, ती रक्कम. भारतात शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील प्राप्तिकर केंद्र सरकार आकारते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र संघीय कराबरोबरच बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर बसवितात. विस्कॉन्सिन राज्याचा १९११ चा कायदा हा या प्रकारचा पहिला यशस्वी आधुनिक कायदा होय. टेक्सस, फ्लॉरिडा इ. काही राज्यांत वैयक्तिक प्राप्तिकर नाही.

ही मर्यादा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. न्यू जर्सीत ती अविवाहितास १०,००० डॉलर, तर संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यास २०,००० डॉलर आहे. पेनसिल्व्हेनियात ती केवळ ३३ डॉलर आहे. कारण तेथे प्रमाणित वजावट नाही आणि ३.०७ टक्के या एकाच दराने तेवढ्या रकमेवर सुमारे एक डॉलर कर होतो. अल्प उत्पन्न असणाऱ्यांना हे राज्य करमाफी देते. परंतु ती मिळविण्यासाठीही विवरणपत्र भरावे लागते.

विवरणपत्राची मर्यादा आणि करदेयतेची मर्यादा यांत म्हणूनच भेद करावा लागतो. मर्यादेहून कमी वेतन असलेल्या कामगारावर विवरणपत्राचे बंधन नसते; तथापि मालकाने त्याच्या वेतनातून कर कापला असल्यास त्याचा परतावा विवरणपत्राशिवाय मिळत नाही, व विहित मुदत टळल्यास तो हक्कही संपुष्टात येतो.