मांडो: गोव्याचे विरहगीत

मांडो हा गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा कोकणी प्रेमगीतांचा प्रकार. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील जमीनदार घरांच्या दिवाणखान्यांत तो रुजला. स्पॅनिश भाषेतील बोलेरो या गीतप्रकाराप्रमाणे मांडोचाही गाभा हुरहूर हाच आहे: पहिली ओढ, मीलनाची आस आणि ताटातूट.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे तोर्कातो द फिगेरेदो (1876–1948) यांचा ‘आदेउस कोरचो वेळू पावलो’. निरोपाची घटका आली आहे आणि त्या विचारानेच काळजात धस्स होते, असा त्याचा आशय. निघणाऱ्याला अडवण्याचा हट्ट त्यात नाही. वियोग अटळ मानून दुःख मोकळेपणाने बोललेले आहे, म्हणून लग्नघरापासून समारंभाच्या सांगतेपर्यंत तो आजही गायला जातो.

मांडोची लय संथ असते. कडव्यांमागून ध्रुवपद येते, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचे तालवाद्य असते. ‘पानो भाजू’ नेसलेल्या स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर रांगांत नाचतात. स्पर्श टाळला जातो. पंख्याची उघडझाप आणि नजर यांतूनच भाव व्यक्त होतो. मांडोनंतर द्रुत लयीतील दुलपद गाऊन मैफल पुरी होते.