आधी कंडक्टर, मग गाडी

बालवाडीत किंवा घरी लहान मुलांसाठी प्रवासाच्या खेळाचा कोपरा मांडायचा ठरला, की मोठ्यांचा हात आधी पुठ्ठ्याकडे जातो. खोक्याला लाल रंग, चार चाकं, वर गावाच्या नावाची पाटी. हौस दांडगी असेल तर विमान, पासपोर्ट आणि सामानाचा फिरता पट्टा. मुलं एक-दोन दिवस आत बसून ‘पीं पीं’ करतात, मग त्या गाडीत दप्तरं ठेवली जातात. मुलांना कंटाळा आला, असं आपण म्हणतो. खरं तर खेळ सुरूच झालेला नसतो. गाडी असते, पण गाडीत कुणाला काही काम नसतं.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांच्या खेळाच्या मानसशास्त्रावरील १९७८च्या पुस्तकात याला चपखल बसणारा एक प्रयोग आहे. बालवाडीतली मुलं रेल्वेनं सहलीला गेली. त्यांनी स्टेशन पाहिलं, तिकीटखिडकी पाहिली, डब्यात चढणारी माणसं पाहिली. परतल्यावर त्यांना आगगाडीची खेळणी दिली, तरी खेळ काही रंगेना. मग त्यांना पुन्हा स्टेशनवर नेलं. या वेळी दाखवली ती माणसं आणि त्यांची कामं: स्टेशनमास्तर येणारी गाडी कसा घेतो, चालक इंजिन कसं तपासतो, डब्यातले कर्मचारी प्रवाशांसाठी काय करतात. त्यानंतर तीच मुलं त्याच खेळण्यांनी आगगाडीचा खेळ खेळू लागली. मधल्या काळात नवी वस्तू एकही आली नव्हती. कोण कुणासाठी काय करतो, एवढंच कळलं होतं. लेव वायगोत्स्की यांनी १९३०च्या दशकात मांडलं होतं की खोटाखोटा खेळ वरून मोकाट दिसला तरी प्रत्येक भूमिका आपला नियम सोबत आणते. माझ्या मते कोपरा मांडण्याचं सारं शास्त्र यातच आहे. कंडक्टर झालेल्या मुलाला तिकीट दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि प्रवाशाला तिकीट मिळेपर्यंत थांबावंच लागतं. एरवी सांगून न थांबणारं मूल इथं आपण होऊन थांबतं.

म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांसाठी मी विमानतळाआधी एसटी स्टँड निवडेन. तिथं कामांची रेलचेल आहे. वाहतूक नियंत्रक खिडकीत बसून गाडीची नोंद करतो, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते पुकारतो. चालक, वाहक, खिडकीतून शेंगदाणे विकणारा, सीटवर रुमाल टाकून जागा धरणारा. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, डबल बेल दिली की निघते; चार वर्षांच्या मुलाला याहून स्पष्ट नियम कुठे सापडणार? शिवाय सध्याचं भाडं म्हणजे आयता नाट्यप्रसंग आहे. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, बायकांना अर्धं, पंच्याहत्तरीपुढच्या आजींना मोफत. म्हणजे कंडक्टरला प्रत्येकाला काहीतरी विचारावंच लागतं, आणि आजी झालेल्या मुलीला पुराव्यासाठी आधार कार्ड शोधावं लागतं! सामान किती लागतं? खुर्च्यांच्या दोन रांगा, दोरीला बांधलेली घंटा, पाठकोऱ्या कागदांची तिकिटं, पेन्सिल, एखादी जुनी पिशवी. पाटी मात्र मुलांनी स्वतः लिहावी, अक्षर वाकडं आलं तरी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावात मिळेल त्या वस्तूंवर भर दिला. ती केवळ काटकसर नव्हती.

यावर काही आक्षेप येतात. असल्या खेळानं बुद्धी वाढते याला पुरावा काय, हा त्यातला सर्वांत वजनदार. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला आणि खोट्या खेळामुळेच मुलांची सर्जनशीलता किंवा बुद्धिमत्ता वाढते, हे ठामपणे सिद्ध होत नसल्याचं दाखवलं. ते मान्य करायला हवं. ‘मेंदू तल्लख करणारा’ म्हणून हा कोपरा पालकांना विकू नये. पण रांग धरणं, दुसऱ्याला विचारून घेणं, ठरलेलं पाळणं या गोष्टी खेळ चालू असताना डोळ्यांदेखत घडतात, त्यांना भविष्यातल्या गुणांचा हवाला लागत नाही. दुसरा आक्षेप असा, की कामं शिकवली तर खेळ शिक्षिकेचा होतो. ही भीती खरी आहे, आणि उपाय साधा आहे: ताईंनी दिग्दर्शन न करता तिकीट काढून प्रवासी व्हावं, सुट्ट्या पैशांवरून थोडी हुज्जत घालावी आणि पुढच्या थांब्यावर उतरून जावं. विमानच हवं असा मुलांचा हट्ट असेल तर जरूर मांडा, फक्त आधी विमानतळावर कोण काय करतं ते चित्रांतून, गोष्टीतून सांगा.

तेव्हा पुठ्ठा कापायला घेण्याआधी एक करा. पुढच्या वेळी स्टँडवर गाडीची वाट पाहताना मुलाच्या हातात मोबाइल देऊ नका. त्याला चौकशीच्या खिडकीपाशी उभं करा आणि आत बसलेला माणूस काय करतो ते पाहू द्या.