वाढवलेल्या बांगडीचे तुकडे

दिवाळीआधी माळा आवरताना आमच्याकडे दरवर्षी एक पितळी पातेलं खाली उतरतं आणि पुसून पुन्हा वर जातं. आतली कल्हई केव्हाच उडाली आहे, बुडाला पोचा आहे. काठावर बारीक ठिपक्यांनी एक नाव कोरलेलं आहे, माझ्या पणजीचं, माहेरचं. लग्नात तिच्या मामाने दिलेलं हे भांडं. लग्नातच तिचं नाव बदललं आणि पुढे ज्या थोड्या कागदांवर ती आली, तिथे सासरच्या नावानेच आली. जमिनीच्या कागदांवर तर तिचा पत्ताच नाही. घरातली बाकीची तांब्या-पितळेची भांडी स्टीलच्या हौसेपायी मोडीत गेली. या पातेल्यात जुने खिळे आणि सुंभ भरून ठेवलेलं असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून वाचलं. पणजीचं जन्मनाव आज फक्त त्या काठावर आहे.

अशा वस्तूंकडे शिस्तीने पाहणारी एक विद्याशाखा आहे, ऐतिहासिक पुरातत्त्व. नाव ऐकून आपल्याला मोहेंजोदडो आठवतं, पण या मंडळींचा काळ त्याच्या बराच अलीकडचा. ज्या काळाचे लिखित कागद आहेत, त्या काळाची मातीही उकरायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायची, हा त्यांचा धंदा. अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासकांची संस्था १९६७ साली उभी राहिली आणि तिथे तो मुख्यतः गेल्या पाचशे वर्षांचा मानला जातो: युरोपीय जहाजं जगभर फिरू लागली तेव्हापासूनचा. कागद असताना माती कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर कागद कोण लिहीत होतं यात दडलेलं आहे.

सुरुवातीची गंमत तंबाखूच्या पाइपांची. पांढऱ्या चिकणमातीचे हे पाइप स्वस्त, पटकन मोडणारे. इंग्रज वसाहतींच्या जागी त्यांच्या नळ्यांचे तुकडे ढिगाने सापडतात. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली दाखवलं की नळीतलं भोक काळानुसार अरुंद होत गेलं. सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंचाच्या ६४ भागांपैकी ९ भाग असे, अठराव्याच्या उत्तरार्धात ४ भागांवर आलं. म्हणजे ड्रिलची पातं घेऊन बसलं आणि शे-दोनशे तुकड्यांची भोकं मोजली, की वस्तीचा काळ अंदाजाने सांगता येतो. लुइस बिनफर्ड यांनी पुढे त्याचं गणिती सूत्रच बांधलं. ओढून फेकलेल्या पाइपवरून तारीख काढायची ही कल्पना मला अजूनही थोडी चावट वाटते.

जेम्स डीट्झ यांचं १९७७ सालचं ‘इन स्मॉल थिंग्ज फरगॉटन’ हे या विषयातलं सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक. त्याचं नाव जुन्या मालमत्तेच्या यादीतून आलं आहे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये माणूस गेला की त्याच्या घरातल्या वस्तूंची किंमत लावत. शेवटी नजरेतून सुटलेल्या किरकोळ चीजवस्तूंसाठी एक ठोक रक्कम लिहून यादी मिटवत. डीट्झ त्या ठोक रकमेच्या मागे लागले. एडविन डेथलेफ्सन यांच्याबरोबर त्यांनी तिथल्या थडग्यांवरचं कोरीवकाम मोजलं: आधी पंख असलेली कवटी, मग पंख असलेला गोबरा देवदूत, त्यानंतर कलश आणि झुकलेलं झाड. मृत्यूकडे पाहायची समाजाची नजर कशी सैलावत गेली, ते दगडांच्या मोजणीतून दिसलं. आपल्याकडे वेशीबाहेरच्या वीरगळांत खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपिंडी आणि चंद्रसूर्य असतात. गावोगावच्या अशा दगडांची नोंद करणारी हौशी मंडळी आज बरीच आहेत, पण बहुतेकांना वीराचं नाव हवं असतं. शेकडो वीरगळ एका ओळीत लावून हत्यारं कधी बदलली, दागिने कधी बदलले असं विचारणारे मोजकेच.

या विद्येचं खरं वजन मात्र न्यूयॉर्कमध्ये कळलं. १९९१ साली मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, ब्रॉडवेवर, सरकारी इमारतीचा पाया खणताना वीस-पंचवीस फूट खाली माणसांचे सांगाडे लागले. ही जागा १७५५ च्या नकाशात निग्रोंची दफनभूमी म्हणून चक्क दाखवलेली होती. तरी नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी तिथे काही शिल्लक ठेवलं नसेल, असं गृहीत धरून काम सुरू झालं. खाली अठराव्या शतकातले गुलाम आणि काही मुक्त आफ्रिकी लोक होते. कामाच्या घाईने सांगाडे काढले जात आहेत हे पाहून शहरातले कृष्णवर्णीय लोक रस्त्यावर आले, जागरणं झाली, राजकारण्यांना मध्ये पडावं लागलं आणि १९९२ साली उत्खनन थांबलं. तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर आले होते. संपूर्ण दफनभूमीत पंधरा हजारांच्या आसपास लोक असावेत असा अंदाज आहे.

अभ्यासाचं काम हॉवर्ड विद्यापीठाच्या मायकल ब्लेकी यांच्या चमूकडे आलं. त्यांनी एक पायंडा पाडला: या मृतांविषयी काय जाणून घ्यायचं, ते वंशज म्हणवणाऱ्या लोकांना विचारून ठरवायचं. लोकांना कवटीच्या मापांत रस नव्हता. ही माणसं कुठून आली, त्यांचं शरीर किती झिजलं आणि ती झुकली की लढली, हे त्यांना हवं होतं. हाडांनी उत्तरं दिली. स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात त्या जागा ओझ्याने जाड झालेल्या होत्या, काही ठिकाणी फाटलेल्या. वय ठरवता आलेल्यांपैकी पाचांत दोन मुलं होती. एका प्रौढ स्त्रीचे पुढचे दात कानशीने घासून आकार दिलेले होते, म्हणजे ती बहुधा आफ्रिकेतच वाढली. तिच्या कमरेला शंभराहून अधिक मणी आणि कवड्या होत्या. बाईच्या अंगावरचं सगळं काढून घेणाऱ्या जहाजाच्या प्रवासातून ही माळ आली, की न्यूयॉर्कात मणी मणी जमवून कुणी तिच्यासाठी ओवली? सांगता येत नाही. पण पुरताना ती कुणी काढून घेतली नाही. एका मण्यालाही किंमत होती अशा वस्तीतली ही गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही मालकाच्या वहीत सापडणार नव्हती.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये घानात हाताने कोरलेल्या शवपेट्यांतून या सगळ्यांना पुन्हा त्याच जागी पुरलं. २००६ साली जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

इथेच एक सावधगिरीची गोष्टही घडली. एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखा आकार काढलेला होता. अकान लोकांच्या ‘सांकोफा’ या चिन्हाशी तो जुळतो असं ठरलं, स्मारकावर तो आला आणि लोकांच्या मनात बसला. पुढे एका इतिहासकाराने आक्षेप घेतला, की त्या काळी असे खिळ्यांचे हृदयाकार गोऱ्यांच्या शवपेट्यांवरही असत. वाद मिटलेला नाही. वस्तू बोलतात असं आपण लाडाने म्हणतो. खरं तर आपणच त्यांच्या तोंडी शब्द घालतो आणि कधीकधी आपल्याला हवे तेच घालतो. दक्षिण कॅरोलायनातल्या हाताने घडवलेल्या, चाकाविना केलेल्या मातीच्या वाडग्यांचंही असंच झालं. बराच काळ ती तिथल्या मूळ रहिवाशांची भांडी समजली गेली. लेलंड फर्ग्युसन यांनी दाखवून दिलं की त्यांतली पुष्कळशी मळ्यांवरच्या आफ्रिकी गुलामांनी केली होती. भांड्यात फरक झालेला नव्हता. गुलामाच्या हातून काही घडत असेल ही शक्यताच आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

आता आपल्या माणसांकडे येऊ, म्हणजे आधी मॉरिशसला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि १९२० पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय तिथे करारावर गेले. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत. रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी लोक त्यांतून गेले. तिथे आजही मराठी आडनावं आहेत आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मजूर जिथे उतरत ते आगार म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. आगाराचा मोठा भाग पुढच्या बांधकामांत गेला, पण दवाखान्याची इमारत, स्वयंपाकाची जागा, शौचकूप आणि समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या राहिल्या.

मॉरिशसचा कागदही मोठा आहे. प्रत्येक मजुराला क्रमांक, नोंदवहीत नाव-गाव-जात, अंगावरच्या खुणा, पुढे फोटोसुद्धा. पण ते सगळं पळून गेलेला मजूर ओळखता यावा म्हणून. तो काय खात होता, कशात शिजवत होता, बराकीच्या कोपऱ्यात देव मांडायला जागा होती का, हे त्या वहीला नको होतं. तिथे चूल शोधावी लागते.

महाराष्ट्रात आपलं दुखणं वेगळंच आहे. आपण कागदाचे श्रीमंत. पेशवे दफ्तरातले मोडीचे हजारो रुमाल, बखरी, महजर, करीने. गेल्या तीन-चारशे वर्षांचा इतिहास म्हटला की आपण दफ्तरखान्याकडे वळतो आणि फावडं सातवाहनांसाठी राखून ठेवतो. आपली उत्खननं ज्या थरासाठी होतात त्याच्या वरचे थर उपसून बाजूला टाकायचे असतात अशी आपली जवळजवळ समजूत आहे.

नेवासं घ्या. ज्ञानेश्वरीमुळे गाव घरोघरी माहीत. प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया यांनी १९५४ पासून खणलं. अश्मयुगापासून अठराव्या शतकापर्यंतचे थर एका जागी मिळाले आणि त्यावरचं पुस्तकही गाजलं. त्यातल्या शेवटच्या थराला नाव दिलं गेलं ‘मुस्लिम-मराठा काळ’. म्हणजे राज्य कुणाचं, यावरून नाव. त्या थरात ठळकपणे सापडलं काय, तर रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननातही मध्ययुगीन थरांत अशा बांगड्या मिळाल्या. हिरव्या-काळ्या काचेवर पिवळे-तांबडे पट्टे आणि ठिपके. मला विचाराल तर त्या थराला बांगडीचा थर म्हणायला हवं होतं.

बांगडीचा तुकडा फार उपयोगी असतो. बोटभर कमान हातात असली तरी तिच्यावरून पूर्ण वर्तुळाचा व्यास काढता येतो. व्यासावरून बांगडी पोरीच्या हातातली की बाईच्या, हे बरंचसं कळतं. काचेच्या घटकांवरून भट्टी कुठली याचा माग लागतो. एका घरात किती प्रकारच्या बांगड्या, यावरून कासार किती लांबून येई, हातात पैसा किती खुळखुळे, याचाही अंदाज बांधता येतो.

आणि मग माती गप्प होते. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं, हे आपल्याला भाषेने शिकवलं आहे. शेणाच्या पाटीशी आपटून गेलेली बांगडी, कासाराकडे नवा चुडा भरताना उतरवलेली आणि नवरा गेला त्या दिवशी दगडावर फोडलेली, या तिन्हींचे तुकडे चाळणीत एकसारखेच दिसतात. तुकडे अंगणात विखुरलेले आहेत की एकाच जागी दहाबारा सापडले, एवढी नोंद असेल तर थोडंफार बोलता येतं. ‘बांगड्यांचे तुकडे, नग इतके’ एवढंच लिहून ठेवलेलं असेल तर तेही संपलं. म्हणून माझी तक्रार आहे ती वरचे थर निष्काळजीपणे खणण्याबद्दल. शिवाय कागद-भाषा-माती असे तिघेही साक्षीदार हजर असलेला हाच तर काळ.

मुंबईच्या गिरणगावाची गत याहून वाईट. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटल्या, जमिनीवर टॉवर उठले. अमेरिकेत मात्र कामगारांची वस्तीही उकरली गेली आहे. कोलोरॅडोतल्या लडलो इथे १९१४ साली संपावरच्या खाणकामगारांचे तंबू जाळले गेले, त्यात तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गेली. डीन सायटा आणि रँडल मॅग्वायर यांच्या गटाने १९९७ पासून ती छावणी उकरून तंबूतल्या संसाराचा शोध घेतला आणि त्या कामात आजच्या कामगार संघटना बरोबर होत्या. लालबाग-परळच्या खानावळींत शेकडो कोकणी-घाटी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांची भांडी, कामगाराची ट्रंक, वळकटी आता कुठे शोधणार?

या विद्येला कालची सीमाही मान्य नाही. जेसन दे लिओन यांनी २००९ पासून अ‍ॅरिझोनाच्या सोनोरान वाळवंटात मेक्सिकोकडून चोरून येणाऱ्या लोकांनी टाकलेल्या वस्तू गोळा केल्या: पाठपिशव्या, बूट, पाण्याच्या बाटल्या. १९९० च्या दशकात शहरांजवळची सरहद्द कडक केल्यावर लोक वाळवंटातून येऊ लागले होते. पांढरी बाटली उन्हात चमकून पहारेकऱ्यांना दिसते म्हणून ते ती काळी रंगवत. पुढे मेक्सिकोत काळ्याच बाटल्या तयार मिळू लागल्या. काळ्या प्लास्टिकात पाणी उन्हाने तापतं. तहानलेल्या माणसाला ते गरम पाणी प्यावं लागे. ती बाटली वाळूत पडलेली पाहिल्यावर धोरणावरचे अहवाल जरा फिके वाटतात.

आणि कचरा. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या विल्यम राथजे यांनी १९७३ साली ट्युसनमधल्या घरांचा ताजा कचरा वर्गीकरण करून तपासायला घेतला आणि त्याच भागातल्या लोकांच्या मुलाखतींशी ताडून पाहिला. लोक दारू सांगत त्याहून ४० ते ६० टक्के जास्त पीत होते. त्या वर्षी गोमांसाची टंचाई होती आणि नेमकं तेव्हाच ते जास्त वाया जात होतं. लोकांनी घाबरून साठा केला होता. पुढे त्यांनी कचऱ्याचे डोंगर खणले तेव्हा दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं खालून जशीच्या तशी निघाली, वाचण्याजोगी.

हे वाचून मी गेल्या दिवाळीनंतर आठवडाभर घरच्या सुक्या कचऱ्याची बादली तपासली. त्याआधी घरातल्या चौघांकडून, कोण किती फरसाण खातं, ते लिहून घेतलं होतं. माझ्या स्वतःच्या नावापुढे ‘आठवड्यातून एकदा, चवीपुरतं’ असं होतं. चौघांची बेरीज दोन पाकिटं. बादलीत पाच निघाली, त्यांतलं एक वर्तमानपत्राच्या पुरवणीत नीट घडी घालून ठेवलेलं. पुरवणी रविवारची होती, आणि ती आमच्याकडे मी एकटाच वाचतो. बाकीच्या दोन पाकिटांवरून मात्र घरात अजून एकमत झालेलं नाही.