पहिल्या पडद्यावरची मराठी

अलिबागला आत्याचा जुना संगणक मार्गी लावायचा होता, म्हणून लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घालून नेली. ही प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवते. जरा संथ चालते, पण आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. आवडली तरच ठेवायची. नवख्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची वाटते. भाषांच्या यादीत ‘मराठी’ देवनागरीत दिसल्यावर तर आत्या खुर्ची ओढून बसलीच.

मग इन्स्क्रिप्ट कळफलक. १९९१च्या भारतीय मानकात असलेली ही मांडणी: स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, आणि बंगाली-गुजरातीलाही त्याच आवाजाला तीच कळ. आत्यानं ‘अलिबाग’ टाइप केलं. ‘ल’नंतर वेलांटीची कळ दाबली, तर वेलांटी उडी मारून ‘ल’च्या आधी जाऊन बसली. “अरे, ही मागे कशी पळाली?” संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतो, पडद्यावरची जागा मजकूर मांडणारी प्रणाली फॉन्टच्या मदतीनं ठरवते. जुन्या टाइपरायटरवर वेलांटी आधी मारावी लागे, त्यामुळे टायपिंग शिकलेली माणसं इथे हमखास अडखळतात. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मिंटच नव्हे, सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ लिनक्सही २००७पासून मराठीसह भारतीय भाषा देते आहे. या प्रणालींचा मराठी अनुवाद करणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण शब्द रोजच्या वापरातले हवेत. फाइलला ‘धारिका’ म्हटलं की आत्याचा हात माउसवरच थबकतो.