विश्लेषण : महागडी इलेक्ट्रिक गिटार सेकंड हँड घेताना काय तपासावे?

फेंडर, गिब्सन, पीआरएस या कंपन्यांच्या अमेरिकेत तयार झालेल्या इलेक्ट्रिक गिटारसाठी भारतात लाखांत पैसे मोजावे लागतात. त्यामुळे मुंबई, पुणे किंवा गोव्यात बँडमध्ये वाजवणारे अनेक जण वापरलेली गिटार शोधतात. चांगली जपलेली गिटार ३०-४० वर्षांनंतरही उत्तम वाजते, म्हणून हा पर्याय शहाणपणाचा आहे. मात्र यात फसगतही मोठी होते. दांडी मोडून चिकटवलेली, आतले भाग बदललेली किंवा सरळसरळ बनावट गिटार छायाचित्रात अस्सल गिटारइतकीच देखणी दिसते. वर्ष-दोन वर्षांची बचत मोजण्यापूर्वी काय पाहायचे, याचा आढावा.

जुन्या गिटारला इतका भाव का?

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये, तर गिब्सनची लेस पॉल १९५२ मध्ये बाजारात आली. आजही सर्वाधिक मागणी याच दोन घराण्यांच्या गिटारना आहे. भाव ठरतो तो कोणत्या वर्षी, कोणत्या कारखान्यात आणि कोणते भाग वापरून गिटार तयार झाली यावर. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने विकत घेतली. त्याआधीच्या गिटार ‘प्री-सीबीएस’ म्हणून ओळखल्या जातात आणि त्यांचा भाव वेगळाच असतो. १९५८ ते १९६० या काळातील ‘सनबर्स्ट’ रंगाच्या लेस पॉल त्या वेळी फारशा खपल्या नाहीत आणि कंपनीने ते रूप बंद केले. आज त्याच गिटार जगातील सर्वात महागड्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये गणल्या जातात.

भारतात सहसा हाताला लागतात त्या १९९० नंतरच्या गिटार. त्यांना ‘दुर्मीळ’ म्हणून जादा भाव मागितला जात असेल, तर त्याचे कारण विक्रेत्याला नेमकेपणाने सांगता आले पाहिजे.

वाजवण्यासाठी की संग्रहासाठी?

हा प्रश्न सर्वात आधी सोडवावा, कारण दोघांचे निकष वेगळे आहेत. संग्राहकाला प्रत्येक स्क्रू मूळचा हवा असतो. वादकाला मजबूत दांडी, चांगला आवाज आणि हाताला बसणारी गिटार हवी असते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’. क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलमधील एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. त्यातील तीन मित्रांना भेट दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक गिटार तयार करवून घेतली. संग्राहकाच्या काटेकोर नियमांनी पाहिले तर ही जोडजमाव केलेली गिटार. पण वादकाच्या हातात ती वर्षानुवर्षे वाजली आणि २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. तो भाव अर्थातच क्लॅप्टनच्या नावाचा होता. सामान्य बाजारात अशा जोडलेल्या गिटारचा भाव मूळ गिटारपेक्षा बराच कमी असतो. ज्याला केवळ वाजवायचे आहे, त्याच्यासाठी हीच फायद्याची गोष्ट. बदललेल्या खुंट्या, नवा ब्रिज किंवा पुन्हा दिलेला रंग यामुळे आवाजात फारसा फरक पडत नाही, किंमत मात्र उतरते.

पहिली तपासणी कशाची?

नेकची, म्हणजे गिटारच्या दांडीची. बाकी बहुतेक सर्व भाग बदलता येतात. नेक बिघडलेली असेल तर दुरुस्तीचा खर्च फार मोठा असतो.

लेस पॉलमध्ये नेक महोगनी लाकडाची असते आणि खुंट्यांचा भाग, म्हणजे हेडस्टॉक, साधारण १७ अंशांनी मागे झुकलेला असतो. त्याच जागी आतली सळई फिरवण्यासाठी लाकूड कोरलेले असते. त्यामुळे गिटार स्टँडवरून पडली की बहुधा तिथेच तडा जातो. नटच्या मागच्या बाजूला बोट फिरवून पाहावे आणि टॉर्चचा प्रकाश तिरका पाडावा. रंगाखाली रेष किंवा उंचवटा जाणवला, तर जोड दिलेला असण्याची शक्यता असते. कुशल कारागिराने नीट जोडलेली नेक वर्षानुवर्षे टिकते, पण अशा गिटारचा भाव बऱ्याचदा निम्म्यापर्यंत खाली येतो. विक्रेत्याने हे आधीच सांगितले आणि त्याप्रमाणे भाव लावला, तर वादकासाठी तो चांगला सौदा ठरू शकतो. लपवले असेल, तर तिथूनच परत फिरलेले बरे. फेंडरची नेक स्क्रूने बसवलेली आणि हेडस्टॉक सरळ असल्याने तिथे हा धोका कमी असतो.

त्यानंतर नेकची वाकण पाहावी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरली, की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.२५ मिमी फट असावी. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी म्हटले तरी चालेल. फट फार जास्त असेल तर नेकमधली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून ती कमी करता येते. मात्र या सळईचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि नेक तरीही वाकलेली असेल, तर मामला गंभीर आहे. ब्रिजच्या बाजूने डोळा लावून नेककडे पाहिले की ती पिळलेली आहे का, हेही कळते. पिळलेली नेक सहसा सरळ होत नाही.

कोकण किनाऱ्यावर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात मुंबई-गोव्याची हवा त्याच्या कितीतरी वर जाते, आणि एसीच्या खोलीत ती पुन्हा कोरडी होते. लाकूड फुगते, आकसते. नेकच्या कडेने हात फिरवताना फ्रेटची टोके बोटाला टोचत असतील, तर लाकूड आकसल्याची ती खूण आहे.

फ्रेट झिजल्या असतील तर?

नव्या फ्रेटची उंची साधारण १.१ ते १.४ मिमी असते. तारांच्या घासण्याने पहिल्या पाच-सहा फ्रेटवर खाचा पडतात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी. कुठे खरखरते, कुठे तार ताणल्यावर सूर बसतो, ते टिपून ठेवावे. हलक्या खाचा घासून सपाट करता येतात. फ्रेट फार खाली गेल्या असतील तर पूर्ण संच बदलावा लागतो, आणि कडेला पट्टी असलेल्या लेस पॉलमध्ये ते काम अधिक खर्चाचे असते. तो खर्च किमतीतून वजा करायला सांगण्यात काहीच गैर नाही.

पिकअप मूळचे आहेत का, हे कसे कळणार?

त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गिटारला केबल लावावी, आवाजाचा नॉब पूर्ण उघडावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला रोध मोजावा. स्ट्रॅटोकास्टरच्या सिंगल कॉइल पिकअपला साधारण साडेपाच ते सात किलोओहम, तर जुन्या धाटणीच्या हमबकरला सात ते साडेआठ किलोओहम आकडा मिळतो. काही आधुनिक पिकअप मुद्दाम यापेक्षा जास्त ठेवलेले असतात, म्हणून आकडा त्या मॉडेलशी ताडून पाहावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर पिकअपची किंवा जोडणीची तार तुटलेली आहे.

मागचे झाकण उघडायला विक्रेत्याची परवानगी घ्यावी. आतील नॉबच्या पॉटवर छापलेला आकडा बरेच काही सांगतो. तो १३७ ने सुरू होत असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. त्यापुढचे अंक सहसा वर्ष आणि आठवडा दाखवतात. गिटार १९९२ ची म्हणून विकली जात असेल आणि पॉट २००५ चा असेल, तर तो नंतर बदललेला आहे. नॉब फिरवताना येणारी खरखर मात्र किरकोळ बाब; दमट हवेत ती होतेच आणि सफाईने जाते.

बनावट गिटार कशी ओळखावी?

केवळ अनुक्रमांकावर विसंबू नये, कारण बनावट गिटारवरही तो छापलेला असतो. तरीही तो वाचता यायला हवा. १९७७ ते २००५ या काळातील बहुतेक गिब्सनवर आठ अंकी क्रमांक असतो. पहिला आणि पाचवा अंक वर्ष सांगतात, दुसरा ते चौथा वर्षातला दिवस. पहिला अंक ९, पुढचे तीन ०१५ आणि पाचवा ५ असेल, तर ती गिटार १९९५ च्या पंधराव्या दिवसाची. दिवसाच्या जागी ३६६ पेक्षा मोठा आकडा दिसला, तर शंका घ्यावी. अमेरिकी फेंडरवर १९९० च्या दशकात ‘एन’, २००० च्या दशकात ‘झेड’, तर २०१० पासून ‘यूएस’ ही अक्षरे येतात.

हेडस्टॉकवर ट्रस रॉडचे छोटे झाकण असते. गिब्सनवर ते दोन स्क्रूने बसवलेले असते. अनेक नकली गिटारवर तीन स्क्रू दिसतात. रंग नंतर मारला आहे का, हे अंधारात अतिनील टॉर्चने तपासता येते. जुने नायट्रो लॅकर त्या प्रकाशात फिकट हिरवट चमकते, तर नंतर दिलेला भाग वेगळा, बहुधा गडद दिसतो.

परदेशातून मागवताना लाकडाचा प्रश्न काय?

अनेक गिटारची फ्रेटबोर्ड रोझवूडची असते. त्यातील भारतीय रोझवूड म्हणजे पश्चिम घाटातही वाढणारा आपला शिसव. २ जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या सर्व जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आल्या. याच काळात फेंडरने मेक्सिकोत तयार होणाऱ्या अनेक गिटारवर पाऊ फेरो हे लाकूड वापरायला सुरुवात केली. त्यामुळे तशी फ्रेटबोर्ड दिसली म्हणून गिटार बनावट ठरत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना या नियमातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून सर्वात कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गिब्सन आणि फेंडरवर तेच लाकूड आहे. कागदपत्रांविना अशी गिटार सीमेपार नेली, तर ती जप्त होऊ शकते.

शिवाय भारताच्या परदेश व्यापार धोरणात भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित गटात मोडते. स्वस्त दिसणाऱ्या परदेशी जाहिरातीवर पैसे पाठवण्यापूर्वी परवाना, सीमाशुल्क आणि कर यांचा हिशेब करावा.

व्यवहार कसा करावा?

गिटार प्रत्यक्ष वाजवून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. शक्यतो ओळखीच्या गिटार कारागिराला सोबत न्यावे. त्याची फी या व्यवहारातला सर्वात वसूल होणारा खर्च असतो. मूळ बिल, केस, काढून ठेवलेले जुने भाग विक्रेत्याकडे आहेत का, हे विचारावे. असतील तर तेही सोबत घ्यावेत, कारण पुढे गिटार विकताना त्यांचे मोल कळते. दुसऱ्या शहरातील गिटार असेल तर हेडस्टॉकची मागची बाजू, उघडलेले झाकण आणि अनुक्रमांक व्हिडीओ कॉलवर दाखवायला सांगावे. पैसे बँकेतून द्यावेत आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. चोरीची गिटार निघालीच, तर तीच पावती कामी येते.

दोष असलेली गिटार घेऊच नये असे नाही. खाचा पडलेल्या फ्रेट, खरखरते नॉब, ओरखडे यांचा खर्च आधी मोजता येतो आणि किमतीतून वजा करता येतो. पिळलेली नेक, संपलेला ट्रस रॉड आणि लपवलेला जोड यांचा खर्च मात्र घरी गेल्यावरच कळतो. त्यामुळे भावाची बोलणी या तीन गोष्टी पाहून झाल्यावरच सुरू करावीत.