बालसाहाय्य दूरध्वनी सेवा
संकटातील बालकांना, तसेच त्यांच्याविषयी चिंता वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीस सल्ला, माहिती व तातडीचे साहाय्य देणारी विनामूल्य सेवा. भारतात ती १०९८ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रायोगिक प्रकल्प म्हणून १९९६ मध्ये मुंबईत तिचा प्रारंभ झाला. पुढे ती देशभर विस्तारली व २०२३ मध्ये तिचे संचालन शासनाकडे गेले.

मारहाण, बालमजुरी, बालविवाह, परित्याग इ. बाबी या सेवेस कळविता येतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकास, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, अशी तरतूद बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये आहे.

खात्री नसल्यामुळे शेजारी वा शिक्षक पुष्कळदा मौन पाळतात. तथापि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार असा अपराध घडल्याचे माहीत असल्यास किंवा घडण्याची नुसती आशंका असल्यासही ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. पुरावा शोधणे हे तपासयंत्रणेचे काम होय. माहिती देणाऱ्याने तो जमविण्यासाठी थांबू नये.